चार्टर शाळेत तीन वर्षांत तीन मुख्याध्यापक आणि सतत बदलणारे शिक्षक: पालकांनी काय करावे?

चाफेकळी (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलगी पाचवीत आहे, मुलगा दुसरीत आहे, आणि दोघेही किंडरगार्टनपासून एकाच चार्टर शाळेत जातात. शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. माझे म्हणणे कोणा एका व्यक्तीविरुद्ध नाही आणि मुलांना अजून तिथेच शिकायचे आहे.

ज्यांना ही व्यवस्था परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार्टर शाळा सार्वजनिकच असते, फी नसते, प्रवेश सोडतीने मिळतो. पण ती गावाच्या शिक्षण मंडळाच्या हाताखाली नसते, तिचे स्वतःचे विश्वस्त मंडळ असते. असा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटात झाला आणि न्यू जर्सीचा कायदा १९९६ च्या जानेवारीत आला. आमच्या राज्यात परवाना थेट राज्याचे शिक्षण आयुक्त देतात, पहिल्यांदा चार वर्षांसाठी आणि नंतर पाच-पाच वर्षांसाठी. सोडतीत मुलीचा नंबर लागला त्या दिवशी आम्ही घरी फोन करून सांगितले होते, इतका आनंद झाला होता. वर्ग लहान होते, शिक्षक मुलांना नावानिशी ओळखत होते, आणि मुख्याध्यापिका रोज सकाळी दारात उभ्या राहून प्रत्येक मुलाशी दोन शब्द बोलत.

त्या मुख्याध्यापिका तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये गेल्या. शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर चार ओळींची ईमेल आली, तीत त्यांचे आभार मानले होते आणि कारण दिले नव्हते. त्यानंतर आलेले गृहस्थ चौदा महिने टिकले. मग काही काळ प्रभारी होते, आणि आता तिसऱ्या बाई आल्या आहेत. या काळात किती शिक्षक गेले याचा आकडा आम्हाला कोणी देत नाही, पण मुलीच्या मजल्यावर बालवर्गाच्या वेळचे फक्त दोन चेहरे उरले आहेत.

परवा मी तिची गणिताची वही घेऊन बसले. सप्टेंबरमध्ये प्रत्येक पानावर हिरव्या शाईत एक पूर्ण वाक्य आहे, कुठे चुकले आणि का चुकले ते सांगणारे. ऑक्टोबरच्या मध्यापासून नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत. थँक्सगिव्हिंगनंतर जवळजवळ सहा आठवडे पानावर कोणाचेही अक्षर नाही. जानेवारीत वेगळ्याच पद्धतीने अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले आहेत, जे तिला येत होते, आणि ज्याची तिला खरी गरज होती तो अपूर्णांकांचा भागाकार अजून झालेलाच नाही. वर्गाच्या नव्या बाई आल्या त्या दिवशी तिने त्यांना विचारले, "तुम्ही कधीपर्यंत आहात?" हे तिने मला घरी येऊन अगदी सहज सांगितले. मला ते सहज घेता आले नाही.

शाळेला पत्र लिहिले की "कर्मचाऱ्यांविषयीची माहिती गोपनीय आहे" एवढेच उत्तर येते. अशा वेळी पालकांनी नेमके काय विचारावे, कोणाला विचारावे? शाळा बदलण्याचा सल्ला मिळणार हे मला ठाऊक आहे. तो द्यायला हरकत नाही, पण आधी इतर मार्ग समजून घ्यायचे आहेत.

नदीकाठ

चाफेकळी ताई, वहीचे वाचून वाईट वाटले. आम्ही दोन वर्षांपूर्वी याच कारणासाठी मुलाला चार्टरमधून काढून गावच्या शाळेत घातले.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी: शिक्षक सगळीकडेच बदलतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या शिक्षण सांख्यिकी संस्थेच्या पाहणीत, २०२०-२१ मध्ये सार्वजनिक शाळांत शिकवणाऱ्यांपैकी ८४ टक्के शिक्षक पुढच्या वर्षी त्याच शाळेत होते, ८ टक्क्यांनी शाळा बदलली आणि ८ टक्क्यांनी पेशाच सोडला. चार्टरमध्ये हे प्रमाण पूर्वीपासून अधिक आहे. २००३-०४ च्या आकडेवारीवर व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या अभ्यासात चार्टर शाळांतून वर्षाला २५ टक्के शिक्षक बाहेर पडत होते आणि साध्या सार्वजनिक शाळांतून १४ टक्के. तेव्हा तुमच्या शाळेत काही विपरीत घडते आहे की जे सर्वत्र आहे तेच आहे, हे ठरवण्यासाठी आधी आकडा हातात हवा.

चार्टर म्हणजे वाईट असेही मी म्हणणार नाही. स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्राच्या २०२३ च्या अहवालात चार्टरची मुले वाचनात वर्षाला सरासरी १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या अभ्यासाइतकी पुढे दिसली होती. पण सरासरीत आपले मूल बसतेच असे नाही. माझ्या मुलाच्या सहावीच्या वर्षात विज्ञानाला तीन शिक्षक झाले, आणि ते वर्ष कोणत्याही अहवालाने भरून आले नाही.

पाटीपेन्सिल

मी सहा वर्षे एका चार्टर शाळेत शिकवले आणि आता एका गावाच्या शाळेत शिकवते. त्यामुळे सोडून जाणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. पालकांना अनेकदा वाटते की आम्ही पगारासाठी गेलो. पगाराचा भाग आहेच. कायद्याने चार्टरला विद्यार्थ्यामागे शालेय जिल्ह्याच्या, म्हणजे गावाच्या शिक्षण मंडळाच्या, खर्चाच्या साधारण ९० टक्के धरून रक्कम मिळते, कर लावण्याचा अधिकार तिला नसतो, इमारतीचे भाडे त्यातूनच जाते, आणि ओढाताण झाली की पहिली कात्री पगारवाढीला लागते. तरीही मी पगारासाठी गेले नाही.

माझ्या सहा वर्षांत चार मुख्याध्यापक झाले. प्रत्येक नव्या माणसाला आपण काहीतरी वेगळे करतो आहोत हे दाखवावे लागते, म्हणून पहिल्याने गणिताचे पुस्तक बदलले, दुसऱ्याने वर्गातली शिस्तीची पद्धत बदलली, तिसऱ्याने वेळापत्रक बदलले, आणि चौथ्या बाईंनी पहिल्याचे पुस्तक परत आणले. दर उन्हाळ्यात मी वर्षभराची तयारी फेकून नव्याने केली. त्यातच एखादा सहकारी मध्येच गेला की त्याची मुले आमच्यात वाटली जात आणि माझा तयारीचा तास, जो दिवसातला एकमेव मोकळा तास असे, दुसऱ्याचा वर्ग सांभाळण्यात जाई. अशी दोन-तीन माणसे गेली की उरलेल्यांवरचा भार एवढा वाढतो की चौथा माणूस त्या भारामुळे जातो. बाहेरून ही चार वेगवेगळी कारणे दिसतात, पण आतून पाहिले तर ती एकच साखळी असते आणि तिचे पहिले टोक वरच्या खुर्चीत असते.

शेवटच्या वर्षी मार्चमध्ये मी तिसरीच्या मुलांबरोबर घेवड्याची रोपे लावली होती. माझे राजीनाम्याचे पत्र देऊन झाले होते, मुलांना सांगायची परवानगी नव्हती. एका मुलाने स्वतःच्या पेल्यावर माझे नाव लिहिले होते, कारण "पुढच्या वर्षी याला शेंगा येतील तेव्हा तुम्हाला दाखवीन." ती गोष्ट मी अजून विसरलेले नाही.

म्हणून विनंती अशी की "शिक्षक का गेले" हे जाणाऱ्या शिक्षकाला विचारू नका, त्याला पुढे शिफारसपत्र लागते आणि तो खरे बोलू शकत नाही. मुख्याध्यापक का टिकत नाहीत हे मंडळाला विचारा.

सह्यवारा

आम्ही टेक्ससमध्ये, ह्यूस्टनजवळ आहोत. इथे राज्याचा जो वार्षिक कामगिरी अहवाल निघतो त्यात प्रत्येक जिल्ह्याचा आणि प्रत्येक चार्टर संस्थेचा शिक्षक-गळतीचा टक्का छापलेला असतो, शिवाय शिक्षकांचा सरासरी अनुभवही असतो. आम्ही शाळा निवडताना परीक्षेचे निकाल पाहिले आणि हे पान पाहिले नाही, ही आमची चूक झाली. आणखी एक फरक असा की इथे चार्टरमधील बहुतेक वर्गशिक्षकांना राज्याचे प्रमाणपत्र असणे बंधनकारक नाही, पदवी असली तरी चालते. न्यू जर्सीत तसे नाही, तिथे चार्टरच्या वर्गशिक्षकांनाही प्रमाणपत्र लागते, ही तुमच्यासाठी जमेची बाजू आहे.

उंबरठा

मी न्यू जर्सीतल्या एका चार्टर शाळेच्या विश्वस्त मंडळावर पूर्वी होतो. विनामूल्य स्वयंसेवी काम असते. "गोपनीय आहे" या उत्तराविषयी सविस्तर लिहितो, कारण ते अर्धेच खरे आहे.

मंडळाच्या सभांना राज्याचा १९७५ चा खुल्या सभांचा कायदा लागू असतो. विशिष्ट कर्मचाऱ्याच्या नेमणुकीविषयी किंवा कामाविषयीची चर्चा मंडळ बंद दाराआड करू शकते, आणि ते योग्यही आहे, कारण एखाद्या माणसाच्या नोकरीची चर्चा भर सभेत व्हावी असे आपल्यालाही वाटणार नाही. पण निर्णयाचे मतदान खुल्या सभेतच व्हावे लागते. आमच्या मंडळात प्रत्येक राजीनामा आणि प्रत्येक नेमणूक तारखेसह कार्यवृत्तात नोंदवली जात असे. तुमच्या शाळेची तीन वर्षांची कार्यवृत्ते घेऊन बसा, एका रविवारी दुपारी सगळा हिशेब तुमचा तुम्हालाच मांडता येईल. ती संकेतस्थळावर नसतील तर सार्वजनिक अभिलेखांच्या कायद्याखाली लेखी मागा. कामाच्या सात दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते.

दुसरी गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. त्याच अभिलेख कायद्यात कर्मचाऱ्यांची कागदपत्रे गोपनीय ठरवताना काही बाबी स्पष्टपणे खुल्या ठेवल्या आहेत: नाव, पद, पगार, सेवेचा कालावधी, सेवा संपल्याची तारीख आणि सेवा संपण्याचे कारण. कारणाच्या रकान्यात बहुधा "राजीनामा" एवढेच असेल, हे खरे. पण "काहीच सांगता येत नाही" असे शाळेला म्हणता येत नाही.

तिसरे असे की राज्याच्या शाळा कामगिरी अहवालात, त्याच जिल्ह्यात किंवा चार्टरमध्ये चार किंवा अधिक वर्षे काम केलेले शिक्षक किती टक्के आहेत हे दिलेले असते. तुमच्या शाळेचा आणि शेजारच्या गावाचा आकडा शेजारी-शेजारी लिहा. नदीकाठ म्हणतात ती तुलना इथे होते.

आणि चौथे, शाळेने चार्टर शाळांच्या कायद्याचे उल्लंघन केले असे वाटले तर कोणीही व्यक्ती किंवा गट मंडळाकडे लेखी तक्रार करू शकतो, आणि मंडळाने तिची नीट दखल घेतली नाही तर ती आयुक्तांकडे नेता येते. मात्र "शिक्षक जातात" हे कायद्याचे उल्लंघन नाही. महिनोन्महिने वर्गाला प्रमाणपत्रधारक शिक्षक नसणे, किंवा परवान्याच्या अर्जात जो अभ्यासक्रम लिहून दिला तो न शिकवणे, या गोष्टी मांडता येतात. शिवाय परवाना नूतनीकरण जवळ आले असेल तर राज्य निकाल, आर्थिक स्थिती आणि कारभार हे सगळे तपासते, आणि त्या काळात मंडळ पालकांचे अधिक लक्षपूर्वक ऐकते. हे मी मंडळाच्या बाजूने बसून पाहिले आहे.

एक कबुलीही देतो. आमच्या मंडळावर वकील होते, बँकेतले लोक होते, मी स्वतः संगणक क्षेत्रातला. शाळेत शिकवलेला माणूस एकही नव्हता. मुख्याध्यापक गेले की आम्ही घाईने दुसरे आणत होतो आणि जाणाऱ्या शिक्षकांशी कोणीही बसून बोलत नव्हतो. आमच्याकडून ते चुकले.

चाफेकळी

उंबरठा, इतके मनापासून लिहिलेत, फार उपयोग होईल. आमचे नूतनीकरण पुढच्याच वर्षी आहे. पाटीपेन्सिल, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

गवती चहा

माझ्या मुलाला आयईपी आहे, म्हणजे त्याच्या विशेष गरजांसाठी लेखी वैयक्तिक शिक्षण योजना आहे. आठवड्यातून दोनदा वाचा-उपचार ठरलेले आहेत. थेरपिस्ट नोव्हेंबरमध्ये गेल्या आणि मार्चपर्यंत कोणी नव्हते, आणि शाळेने आम्हाला कळवलेही नाही, मुलानेच सांगितले की "मला आता बोलवत नाहीत."

अशा पालकांसाठी सांगते: शिक्षक बदलला तरी योजना बदलत नाही. ती केंद्रीय कायद्याने बांधलेली आहे आणि चार्टरलाही ती पाळावीच लागते. पालक बैठक कधीही मागू शकतात, वार्षिक आढाव्याची वाट पाहावी लागत नाही. मी बुडलेल्या सत्रांच्या तारखा लिहून काढल्या आणि भरपाईची सत्रे लेखी मागितली. ती उन्हाळ्यात मिळाली. भांडण करावे लागले नाही, पण तारखा लिहून ठेवाव्या लागल्या.

सातारकर

मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो आहे आणि सध्या मुलीकडे जर्सीत आलो आहे. नात चार्टर शाळेत आहे, म्हणून हा धागा वाचतो आहे. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी पाच मुख्याध्यापक पाहिले. आमच्याकडे वेगळ्या अडचणी होत्या, पदे वर्षानुवर्षे रिकामी राहत, नव्या शिक्षकांना शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर दिवस काढावे लागत. तेव्हा आमचे सगळे चांगले होते असे सांगण्याचा हेतू नाही.

परंतु एक रीत होती. शिक्षक बदलून गेला की तो पदभार देऊन जात असे. टाचणवही, हजेरीपट, कोणता घटक कुठवर आला, कोणत्या मुलाला कुठे अडते, हे येणाऱ्याला समोर बसवून सांगितले जाई, आणि येणारा रजेवर असला तर पत्राने कळवले जाई. चाफेकळी बाईंच्या मुलीला अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले, याचे कारण बाई बदलल्या एवढेच नाही; जाणाऱ्या बाईंकडून येणाऱ्या बाईंकडे काही पोहोचले नाही, हे खरे कारण आहे. माणसाला थांबवणे पालकांच्या हातात नसेल, पण प्रत्येक मुलाची अर्ध्या पानाची नोंद पुढच्या शिक्षकाला मिळावी असा नियम मागणे त्यांच्या हातात आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

दुसरे असे की भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक ठेवले. अनुदानित शाळेत तिचे काम सल्ल्यापुरते असते आणि पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच राहते, तरी पालकाला बसायला खुर्ची असते. नातीच्या शाळेच्या मंडळावर मला एकही पालक दिसला नाही. तुमच्याकडे आहे का?

चाफेकळी

सातारकर सर, आमच्या मंडळावर एक पालक आहेत, पण त्यांची मुले केव्हाच शाळेतून बाहेर पडली आहेत. पदभाराची कल्पना माझ्या मनात आली नव्हती.

नदीकाठ

आम्ही शाळा सोडली तेव्हाची एक खंत लिहितो. आमच्याबरोबर त्या वर्षी चार मराठी आणि तीन तेलुगू कुटुंबे बाहेर पडली. आम्हाला दुसऱ्या गावात घर घेणे परवडले. ज्यांना ते परवडत नव्हते त्यांची मुले तिथेच राहिली, आणि सभेत उठून बोलणारी माणसे नेमकी आम्हीच होतो. शिक्षक-बदलांवर रॉनफेल्ड, लोब आणि वायकॉफ यांचा २०१३ चा न्यूयॉर्क शहरातील चौथी-पाचवीच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात असे दिसले की ज्या इयत्तेत शिक्षक अधिक बदलतात तिथे ज्या मुलांचे स्वतःचे शिक्षक टिकून होते त्यांचेही भाषा आणि गणिताचे गुण घटतात. म्हणजे मागे राहिलेल्यांचे नुकसान होतेच. मला वाटते की जाण्यापूर्वी आम्ही किमान एक सभा गाजवायला हवी होती.

चाफेकळी (सहा आठवड्यांनंतर)

काय झाले ते इथे कळवणे माझे कर्तव्य आहे.

आम्ही पाच पालकांनी मिळून तीन वर्षांची कार्यवृत्ते वाचली. चौतीस शिक्षकपदांवर या काळात एकोणीस राजीनामे झाले, त्यांतले अकरा शालेय वर्षाच्या मध्यात. हे आकडे आणि राज्याच्या अहवालातले दोन आकडे एका पानावर मांडले, कोणाचेही नाव घातले नाही, आणि मंगळवारच्या सभेला गेलो. प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात. आम्ही अकरा जण होतो आणि आधीच वाटणी करून घेतली होती, म्हणजे तेच ते बोलले जाऊ नये. मी फक्त वही उघडून दाखवली आणि प्रत्येक महिन्याचे एक पान वाचले.

अध्यक्षांनी सुरुवातीला गोपनीयतेचेच वाक्य म्हटले. मग आमच्यातल्या एका बाबांनी शांतपणे सांगितले की आम्हाला एकाही व्यक्तीविषयी विचारायचे नाही, आम्ही एकोणीस या संख्येविषयी विचारतो आहोत. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. एका विश्वस्त बाईंनी आपल्याला ही संख्या आजच कळली असे सांगितले. एका वेळी एक-दोन राजीनामे मंजूर करताना कोणी त्यांची बेरीज केली नव्हती.

मंडळाने तीन गोष्टी मान्य केल्या आणि त्या कार्यवृत्तात आल्या आहेत. दर तीन महिन्यांनी किती शिक्षक आले-गेले हे खुल्या सभेत वाचले जाईल. जाणाऱ्या शिक्षकाशी मुख्याध्यापकांऐवजी एक विश्वस्त बोलेल. आणि सातारकर सरांची अर्ध्या पानाची नोंद या वसंतापासून सुरू होईल. तिचा नमुना करण्याच्या समितीत मी आणि पाचवीच्या नव्या बाई आहोत. पालकांना मंडळावर मत देणाऱ्या दोन जागा मिळाव्यात ही मागणी मात्र त्यांनी पुढे ढकलली आहे, आणि परवान्याच्या नूतनीकरणापर्यंत अभ्यासक्रम बदलणार नाही असे लेखी देण्यालाही नकार दिला आहे. त्या दोन्ही मागण्या आम्ही पुन्हा मांडणार आहोत.

पाटीपेन्सिल, त्या नमुन्यात कोणते प्रश्न असावेत हे तुम्ही सुचवाल का? समिती येत्या गुरुवारी बसणार आहे.

पाटीपेन्सिल

जरूर. पहिला प्रश्न असा ठेवा: "हे मूल कशाने खुलते?" किती धडे झाले हे वहीवरून कळते, हे कुठूनच कळत नाही. बाकीचे आज रात्री सवडीने लिहून पाठवते.